हिरवी वायर

गाडीच्या वायरिंगमध्ये आमच्या धाकटीचा हात धरणारं कोणी नाही. वर्कशॉपातले बाप्येसुद्धा अडलं की तिलाच हाक मारतात. पण त्या सकाळी रिटायर्ड नर्सबाईंची गाडी काम होऊन गेली आणि तिचं चित्तच थाऱ्यावर राहिना. काहीतरी राहिलंय, एवढंच डोक्यात.

बाईंची मान वळत नाही, म्हणून मागे कॅमेरा बसवून हवा होता. वर म्हणाल्या, स्क्रीनवरच्या त्या रंगीत रेघा काढ, मला गरगरतं. कॅमेऱ्याच्या केबलला दोन छोट्या वायरी असतात. एक कापली की रेघा जातात, दुसरी कापली की चित्रातलं डावं उजवीकडे जातं. धाकटीने हिरवी कापली, रेघा तशाच. मग पांढरी कापली, रेघा गेल्या. मागे कोरी भिंत. भिंतीला कसलं आलंय डावं-उजवं?

लादी झाडताना सुपडीत दोन तुकडे दिसले. एक पांढरा, एक हिरवा. हिरवी परत जोडायचीच राहिली होती. झाडू टाकला तिथेच आणि स्कूटर काढली.

पोचली तर गाडी फाटकात तिरकी अडकलेली, मागचा दिवा फुटलेला. बाई पायरीवर बसलेल्या, चेहरा पडलेला.

"मुलाला सांगितलं, गाडी घेऊन जा," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर लोकांच्या शिरा शोधल्या गं. आता मला डावं-उजवंही कळेना."

आमच्या घरात चूक कबूल करायची पद्धत नाही. आई कधी मीठ विसरली नाही, मीठच अळणी निघायचं. पण धाकटी सरळ बोलली.

"तुमचं डोकं ठीक आहे मावशी. वायर मी चुकीची कापली. दिवाही मीच बदलून देणार."

बाईंना वाटलं, पोरगी समजूत घालतेय. मग तिने गाडी पुढे घेऊन सरळ केली, डिकी उघडली, हिरवीची टोकं जोडली, टेप गुंडाळली. तरी बाई गाडीत बसेनात. शेवटी कसंबसं बसवलं आणि बाईंच्या मोबाइलवरून स्वतःच त्यांच्या मुलाला फोन लावला. चूक कोणाची ते सांगितलं. त्याने विचारलं, आता बरोबर झालंय हे कशावरून?

फोन कानाला तसाच ठेवून ती गाडीच्या मागे, डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"तुमच्या आई गाडी मागे घेतायत," ती म्हणाली. "आणि मागे मी उभी आहे."