पुष्पाबाईंनी कार्ड निवडलं

सरावलीच्या पुष्पाबाईंना कुठलीही वस्तू झटकन घेता येत नाही, हे डहाणू रोडच्या अर्ध्या बाजाराला ठाऊक आहे. सुके बोंबील घेतानासुद्धा त्या एकेक वाकवून बघणार, नाकाशी नेणार आणि शेवटी "उद्या येते" म्हणून चालू पडणार. बत्तीस वर्षं अंगणवाडी चालवली, पण पोर तराजूत दोनदा बसवल्याशिवाय वजन म्हणून लिहिलं नाही. अशी बाई कॉम्प्युटरचं टीव्ही ट्यूनर कार्ड घ्यायला निघाली म्हटल्यावर दुकानदाराचं काही खरं नव्हतं.

आता रिटायर झाल्यावर बाईंना हे कार्ड कशाला हवं होतं, ते आधी सांगायला हवं. त्यांची आई जिवली तलासरीकडच्या उधव्याला राहते. आयुष्यभर ती धवलेरी होती. वारल्यांच्या लग्नात भटजी नसतो, धवलेरी असते. ती गाते आणि लग्न लागतं. जिवलीबाईंनी किती लग्नं लावली याची मोजदाद त्यांनाही नाही. पण हल्ली गुडघे बोलायला लागले आणि गेल्या वैशाखात त्यांनी शेवटचं लग्न लावलं. नेमका त्याच मांडवात एका चॅनलचा माणूस कॅमेरा घेऊन उगवला. दिवाळीनंतर त्याचा पुष्पाबाईंना फोन आला: महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी अकराला दाखवतोय, परत कधी लागेल ते सांगता येत नाही.

पुष्पाबाईंनी कॅलेंडरवर त्या रविवारभोवती दोनदा गोल काढला. कारण आईच्या गाण्यांतलं एकही त्यांना येत नव्हतं. आई लहानपणी हाताला धरून मांडवात न्यायची, तर ह्या मैत्रिणी हसतील म्हणून हात सोडवून पळायच्या. मग शाळा, मग ट्रेनिंग, मग नोकरी. आता वाटतं, काय मूर्खपणा केला. बरं, आईला घरी बसून गा म्हणावं, तर तिचा कायदा कडक. "गाणं धरलं की देव येऊन उभे राहतात. मांडव नाही, नवरी नाही, नुसता तुझा मोबाइल बघून ते काय म्हणतील?" एवढं बोलून ती तोंड मिटून घ्यायची, ते चहा आल्यावरच उघडायची. म्हणजे आई गेली की गाणी गेली. हाताशी उरली होती ती चॅनलवाल्याची अर्ध्या तासाची वेळ, तीही एकदाच.

"अगं, टीव्हीवर बघू की," नवरा, रविंद्र म्हणाला. रेल्वेतून निवृत्त झालेला, निवांत माणूस.

"अहो, बघायचं नाहीये. ठेवायचंय."

घरात छोटा टीव्ही होता, छपरावर डिशची छत्री होती आणि तिचा सेट टॉप बॉक्स होता. शिवाय मुलगा सुनिल वापीला नोकरीला गेला तेव्हा मागे सोडलेला जुना कॉम्प्युटर होता. त्याला रविंद्रने मोठा स्क्रीन आणि दोन स्पीकर जोडले होते, त्यात शेकडो जुने सिनेमे भरले होते आणि त्याला तो अभिमानाने "आपलं टॉकीज" म्हणायचा. छत्रीतून येणारा कार्यक्रम या टॉकीजमध्ये कायमचा उतरवायचा, तर मधे ट्यूनर कार्ड हवं, असं सुनिलने फोनवर सांगितलं. कुठलं घ्यायचं ते मात्र दुकानात विचार म्हणाला. पोरं अशीच.

पुष्पाबाईंनी कॉम्प्युटरची बाजूची पत्रा-पट्टी खोलली. आतल्या खाचांवर जुन्या रजिस्टरचा कागद धरून पेन्सिलीने त्यांचा आकार उतरवला, दोऱ्याने लांबी घेतली आणि तो कागद पर्समध्ये टाकून हिरूभाईंचं कॉम्प्युटरचं दुकान गाठलं.

हिरूभाईंनी आधी एक काडीएवढी वस्तू पुढे केली. "ही घ्या बेन. बाहेरून खोचायची, एरियल लावायचा, बस."

"एरियलवर आता काय दिसतं?"

हिरूभाईंनी जरा विचार केला. "आपल्याकडे आता काय नाय दिसत. टॉवर कधीचा बंद."

काडी बाजूला झाली. मग त्यांनी नवा सेट टॉप बॉक्सच घ्या, त्याला पेनड्राइव्ह लागतो, कार्डाची कटकटच नको, असं सुचवलं. बाईंनी तोही हातात घेऊन उलटसुलट केला. "डबा बिघडला तर यातलं रेकॉर्डिंग दुसरीकडे वाजेल?" हिरूभाईंनी मान खाजवली. बरेचदा त्याच डब्यात वाजतं, असं त्यांना कबूल करावं लागलं. तोही गेला. मग एक नवंकोरं, चकचकीत कार्ड आलं. बाईंनी पर्समधून कागद काढून कार्ड त्याच्यावर ठेवलं. खाचेच्या मानाने कार्डाचं टोक अगदीच आखूड होतं. "उद्या येते," बाई म्हणाल्या.

अशा चार फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला हिरूभाई म्हणाले, "बेन, तुम्ही कार्ड बघायला येता का घरात सून आणायला?"

"सून एवढी बघितली नव्हती," बाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

शेवटी हिरूभाईंनी माळ्यावरून एक जुनं, वीतभर लांब कार्ड काढलं. धूळ झटकली. कागदावर ठेवलं तर टोक बरोबर बसलं. मागे पिवळी, लाल आणि पांढरी पिन लावायची सोय होती, म्हणजे छत्रीच्या बॉक्सची वायर सरळ आत. "आणि ही मोठी चिप बघितली? रेकॉर्डिंगचं काम ही स्वतः करते. तुमच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला दम नाय लागणार." सोबत जुन्या विंडोजला चालणारी सीडीसुद्धा होती.

"लावून दाखवा."

हिरूभाईंनी दुकानातल्या मशीनला लावून दाखवलं. चित्र थोडं फिकट होतं, म्हणून ते आधीच सारवासारव करू लागले. पण बाईंनी तर डोळेच मिटले होते. त्या फक्त आवाज ऐकत होत्या. तो कुठे खरखरत नव्हता की अडखळत नव्हता. पाच मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले आणि पहिल्यांदाच "उद्या येते" म्हटलं नाही.

पुढचा आठवडाभर सरावलीच्या घरात रंगीत तालीम चालली. बातम्या उतरवल्या, शेतीचा कार्यक्रम उतरवला, कुणीतरी ढोकळा करत होतं तोही उतरवला. जागा कमी पडायला नको म्हणून टॉकीजमधले चाळीस सिनेमे पुसले गेले. रविंद्र दोन दिवस मुकाट्याने जेवला.

रविवार आला. अकरा वाजले. जिवलीबाई दिसल्या, कपाळाला हळद-कुंकू, हातात तांदूळ. गाणं सुरू झालं. आणि जेमतेम मिनिटभरात त्यावर निवेदकाचा आवाज आला, आईचा आवाज खाली दबला आणि पडद्यावर भाताची शेतं डोलायला लागली. पुढच्या अर्ध्या तासात आई काही परत आली नाही. कार्डाने आपलं काम चोख केलं होतं. देताना चॅनलनेच हात आखडता घेतला. पुष्पाबाई खुर्चीत बसून लहान पोरीसारख्या रडल्या. एवढा आटापिटा केला आणि पदरात पडलं एक मिनिट.

तरी महिनाभराने त्या आईला जीपने सरावलीला घेऊन आल्या. निदान तिने स्वतःला बघावं. जिवलीबाई मोठ्या स्क्रीनपुढे बसल्या, स्वतःचे दात बघून खूप हसल्या. मग तो निवेदक आला आणि हसू मावळलं.

"पुढे?"

"एवढंच आहे, आये."

"एवढंच कसं?" म्हातारी आता चांगलीच तापली. "देवांना हाका मारून दारापर्यंत आणलं आणि तिथंच सोडलं? उभे राहतील ना ते तुझ्या दारात. कोण आत घेणार त्यांना?"

आणि कुणाला काही कळायच्या आत तिने पदर डोक्यावर घेतला आणि जिथे निवेदकाने तोडलं होतं तिथून गाणं पुढे धरलं. रविंद्रने उठून पंखा बंद केला. वीस-पंचवीस मिनिटं ती गात होती. थकली, पण पुरं केलं. अर्धं टाकून उठणं तिच्या कायद्यात बसत नव्हतं. मोबाइल पुष्पाबाईंच्या मांडीवरच होता, पण त्याची त्यांना आठवणही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहानंतर त्यांनी तोच कार्यक्रम परत लावला.

"नको लावू," आई म्हणाली. "परत पुरं करावं लागेल."

"बघू दे ना जरा." आणि बाईंनी बटण दाबलं. आई कुरकुरली, मुलीला दोन शिव्या घातल्या आणि गायली. तिसऱ्या दिवशी तेच. रोज दहा वाजता निवेदक गाणं तोडायचा आणि रोज जिवलीबाई ते जोडायच्या. चोरी आहे हे पुष्पाबाईंना कळत होतं, मनाला लागतही होतं. पण शेजारी बसून त्या ओठातल्या ओठात शब्द धरायला लागल्या होत्या. आईने एकदाही त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही.

होळी जवळ आली. उधव्याला परतायच्या आदल्या दिवशी कार्यक्रम लागला, निवेदक बोलला, शेतं डोलली. पुष्पाबाईंनी सवयीने आईकडे बघितलं. आई गप्प. हात मांडीवर, नजर समोर.

"आये?"

"माझ्याकडे काय बघतेस? यंत्र तू लावलंस. देव तू बोलावलेस. घे त्यांना आत."

पुष्पाबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि सुरुवात केली. आवाज कापत होता. तिसऱ्या ओळीला त्या अडल्या, तेव्हा आईने एक शब्द हलकेच पुढे केला. मग ओळ सुटली, तिच्यामागून दुसरी आली, आणि प्रत्येक ओळ संपताच जिवलीबाई मागून झील धरू लागल्या. आजवर त्या कुणाच्याही मागून गायल्या नव्हत्या.