दादाच्या कॉटवर बसलेला

कडेगावहून कराडकडं येताना आमच्या उसाच्या फडात एकदा रात्री तबकडी उतरली होती. तबकडी म्हणजे परातीएवढी नव्हे, चांगली साखर कारखान्याच्या मळीच्या टाकीएवढी. खाली तीन पाय, पायांत बूट आणि बुटांना आमच्याच रानातला चिखल. शिडी टाकून एक जण उतरला. दहा फूट उंच, दुधी भोपळ्याच्या रंगाचा. मला म्हणाला, "पाव्हणं, सांगलीचा फाटा कुठला?"

ही हकिगत मी लग्नात, बारशात, दवाखान्याच्या बाकड्यावर आणि एकदा तर दुसऱ्याच्या भाषणाच्या मधे उठून सांगितली आहे. कोरेगावच्या बाजारात अनोळखी माणसं मला सांगलीचा फाटा विचारून हसतात. पण ती खपायची ती माझ्यामुळं नाही. खपायची थोरल्या भावामुळं. त्या रात्री फटफटीवर माझ्या मागं दादा बसला होता. हकिगत फाट्यापाशी आली की सगळी बैठक त्याच्याकडं वळायची. तो कोपऱ्यात सुपारी कातरत असायचा. मान वर न करता म्हणायचा, "दहा न्हाई. सात फूट आसंल. आन सांगली न्हवं, कराड इचारलं त्येनं."

संपलं. मग कोणाची बिशाद होती नाही म्हणायची.

आमचा दादा उभी हयात कारखान्याच्या वजनकाट्यावर होता. उसाची भरलेली ट्रॉली काट्यावर घ्यायची, ऊस उतरला की रिकामी घ्यायची, आणि भरलेलीतनं रिकामी वजा करायची. या एका वजाबाकीवर त्याचं नाव पंचक्रोशीत सोन्यासारखं होतं. असा माणूस दहातले तीन फूट स्वतःहून कापून देतो म्हटल्यावर उरलेले सात खरेच असणार. मी भरून आणायचो, तो वजा करायचा आणि जे उरायचं ते लोक निवांत घरी घेऊन जायचे.

आता त्या रात्री फडावर नक्की काय होतं ते विचाराल तर एक पांढरा उजेड होता. आवाज नव्हता. फटफटी थांबवून आम्ही दोघं बघत राहिलो, मग उजेडही नव्हता. घरी येईस्तोवर दोघांपैकी कोणी बोललं नाही. आता औषध फवारायची ड्रोन आलीत, पोरं म्हणतात ड्रोन असेल. तेव्हा ड्रोन नव्हती. असो. एवढ्याशा मालावर हकिगत होत नाही, म्हणून मी उरलेली ट्रॉली भरली.

गेल्या हंगामाच्या शेवटाला दादा गेला. दुपारी जेवला, सोप्यात आपल्या लोखंडी कॉटवर आडवा झाला आणि उठला नाही. मी त्या दिवशी कराडला पंपाची मोटर दुरुस्तीला घेऊन गेलो होतो. मोटर झाली.

मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, येईल मागनं, कोंडलंय. मी वाट बघितली. दातांच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल कसा दुसऱ्याचा वाटतो, चहा प्यालं तर कुठं सांडतोय कळत नाही, तसा मी डोक्यापासून पायापर्यंत दुसऱ्याचा झालो होतो. भेटायला माणसं यायची. मी त्यांना दादाचे काट्यावरचे किस्से सांगायचो, रंगवून सांगायचो. ती हसायची, मग हसलो म्हणून ओशाळायची. मी आत चहा सांगायचो. सगळं बरोबर चाललं होतं.

आमच्याकडं रीत आहे. जिथं जीव गेला तिथं भुईवर पीठ पसरायचं, मधे दिवा ठेवायचा आणि वर वेताची पाटी पालथी घालायची. सकाळी पाटी उचलून बघायचं, पिठावर कसली खूण उमटली ती. पाखराचं पाऊल दिसलं तर पाखराच्या जन्माला गेला, वासराचा खूर दिसला तर वासराच्या. हुशार माणसांनी हसावं अशीच रीत आहे, आणि हुशार माणसंसुद्धा पाटी उचलताना वाकून बघतात.

पाटी उचलली. पीठ जसं पसरलं होतं तसं होतं. पाखरू नाही, खूर नाही, मुंगीनंसुद्धा पाय ठेवला नव्हता.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. माझी वहिनी बराच वेळ वाकून बघत होती. मग सरळ झाली आणि म्हणाली, "कुठंच गेलं न्हाईत म्हणायचं."

मी एवढा तालुक्यात नावाजलेला थापाड्या, आणि पिठावर नुसतं एक बोट टेकवायचं मला रात्रभर सुचलं नव्हतं.

त्यातनं सगळं सुरू झालं. पुतण्या पुण्याला नोकरीला. तो आईला न्यायला आला होता. वहिनीला साखरेचा आजार, गोळ्या गिळायची आणि ताट तसंच सरकवायची. दोनदा न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. पुतण्या समजावून थकला. तिचं एकच, "त्ये अजून हितंच हायत. त्येंचा मार्ग कळल्याबिगर मी उंबरा वलांडायची न्हाई." पुतण्या मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, तुम्ही बोला. तुमचं ऐकेल." म्हणजे काय, आख्ख्या गावात ज्याचं कोणी ऐकत नाही त्याच्यावर काम आलं.

सोप्यात दिवा होता तोवर कोणीतरी दिव्यापाशी असायला हवं. ते मी घेतलं. दादाच्या कॉटसमोर माझी वळकटी. रात्री झोप येत नव्हती, मग दुपारी जेवल्यावर डोळा लागायचा. आणि एका दुपारी तो आला.

आता इथं माझी पंचाईत आहे. आयुष्यभर मी दहा फुटी माणसं सांगितली, आणि जे खरं आलं ते सांगायला मला मापच सापडत नाही. उजेड होता, बाहेर शेजारणीचा मिक्सर चालू होता, रस्त्यानं ट्रॅक्टर गेला. मी जागा होतो. डोळे उघडे होते. पण बोट हलत नव्हतं. छातीवर कोणी धान्याचं पोतं टाकल्यासारखं झालं, आणि कानात असा घुमारा की जणू कारखाना माझ्या उशीखाली चालू केलाय. दादाच्या कॉटवर कोणीतरी बसलं होतं. राखाडी. डोकं पालथ्या मडक्यासारखं, हात गुडघ्यापर्यंत, आणि हातांना कोपरं नव्हती. तोंडाच्या जागी काही नव्हतं. तो माझ्याकडं बघत होता असंही म्हणता येत नाही, कारण बघायला काही नव्हतं. भीती वाटायला हवी होती. ती कुठंतरी लांब, शेजारच्या घरात वाटत असल्यासारखी वाटली.

मग वहिनीनं खांदा हलवला आणि पोतं उतरलं. ती चहा घेऊन आली होती. चहा भुईवर ठेवून म्हणाली, "भावजी, डोळं उघडं ठिवून कॉटकडं बघत हुता. कोण हुतं?"

"कोण न्हाई. डोळा लागला हुता."

"खोटं बोलताय."

ती बरोबर होती.

पुढं तो अधनंमधनं यायला लागला. दर वेळी दुपारी, दर वेळी तिथंच. कराडच्या डॉक्टरकडं गेलो तर तो जराही चकित झाला नाही, मला थोडं वाईटच वाटलं. म्हणाला, "डोकं जागं होतं आणि अंग मागे राहतं. स्वप्न मधेच उघड्या डोळ्यांसमोर सांडतं. झोप नीट घ्या, उताणं झोपू नका." मी विचारलं, मग तबकडीवाल्यांना तबकड्या दिसतात ते? तो म्हणाला, "बऱ्याच जणांचं हेच. जुन्या माणसांना मुंजा दिसायचा, आता राखाडी माणसं दिसतात." मी म्हटलं, माझा मुंजा नवीन फॅशनचा आहे तर. तो हसला, पुढच्या पेशंटला बोलावलं.

मी घरी येऊन कुशीवर झोपायला लागलो. तरीही तो आला. कुशीवरून तर कॉट आणखी नीट दिसायची.

वहिनी मात्र आता दुपारी सोप्याच्या दारात बसायला लागली. तांदूळ निवडत बसायची, तोंडात काही घालायची नाही. ती माझ्यावर नाही, माझ्या डोळ्यांवर लक्ष ठेवून होती. शेवटी एका दुपारी तिनं हलवून जागं केलं आणि समोर बसली. पुतण्या आतल्या खोलीत बॅग भरत होता. त्याची रजा संपली होती, संध्याकाळी जायचं होतं, तिला घेऊन किंवा तिच्याशिवाय.

"भावजी, आज खरं सांगायचं. त्येच हायत न्हवं?"

ही थाप म्हणजे माझ्या हातचा मळ. दादाच होता. पांढरा सदरा, कपाळावर गंध. म्हणाला, माझी काळजी करू नका, पोराकडं जा, गोळ्या जेवणानंतर घ्या. इतकी सोपी थाप मी शाळेतसुद्धा मारली असती. आतल्या खोलीत बॅगेची चेन ओढायचा आवाज थांबला, म्हणजे पुतण्याही कान देऊन होता. मी तोंड उघडलं. आणि सवयीनं बघितलं कोपऱ्याकडं. दादा बसायचा त्या कोपऱ्याकडं.

तिथं सुपारीचा डबा होता.

भरलेली ट्रॉली मी कधी एकट्यानं पुढं नेलीच नव्हती. वजा करणारा होता म्हणून मी भरत होतो. तो नसताना मला काही सुचलं नाही, आणि जे होतं तेवढंच तोंडातनं आलं.

"दादा न्हवता, वहिनी."

तिनं हातातले तांदूळ ताटात टाकले.

"त्येला तोंड न्हाई. कोपरं न्हाईत. बसतो आन जातो. काय बोलत न्हाई."

"कुठं बसतो?"

"हितं. कॉटवर."

"कॉट वाजती?"

हा प्रश्न जगात फक्त तिलाच पडू शकत होता. दादाची कॉट म्हणजे वाद्य होतं. तो नुसता कुशीवर वळला तरी शेजारची म्हैस कान टवकारायची. तो बसला की एक आवाज, आडवा झाला की दुसरा, उठला की तिसरा. लग्न झाल्यापासून वहिनी स्वयंपाकघरात उभी राहून, न बघता सांगायची, उठले, चहा टाका. 

मी आठवून बघितलं. मिक्सर ऐकू आला होता. ट्रॅक्टर ऐकू आला होता. घुमारा तर होताच.

"न्हाई," मी म्हटलं. "एकदाबी वाजली न्हाई. गादीला खड्डाबी पडत न्हाई."

ती कॉटकडं बघत राहिली. मग पदर नीट केला.

"मग त्ये न्हाईत," ती म्हणाली. "त्ये बसल्यावर न वाजायला काय झालं. गेलं त्ये." आणि थोड्या वेळानं, "कवाच गेलं."

आत जाऊन तिनं भाकरी आणि दूध घेतलं, उभ्यानंच खाल्लं. पुतण्या दारात उभा राहून बघत होता. मला त्यानं डोळ्यांनीच विचारलं, काय सांगितलंत? मी खांदे उडवले. खरं सांगितलं म्हटलं असतं तर त्याचा विश्वास बसला नसता.

संध्याकाळी निरोप द्यायला कट्ट्यावरची चार माणसं सोप्यात येऊन बसली. वहिनी निघणार हे कळलं होतं. दूध डेअरीवरचा माझा जुना दोस्त म्हणाला, "काय रं गड्या, ऐकलं तुझ्याकडं दुपारचा पाव्हणा येतोय. तबकडीवालाच का?"

"त्योच," मी म्हणालो. तोंड आपोआप सुरू झालं. मला त्यात काही वाटत नव्हतं, नळ सोडल्यावर पाणी येतं तसं येत होतं. "फाटा चुकला म्हणं. इतकी वर्षं सांगली हुडकतोय. डोकं ह्या आढ्याला लागतंय, म्हणून मान वाकडी करून बसतो. दहा फूट उंची, कमी न्हाई."

आणि मी थांबलो. इथं थांबायचं असतं. माणसंही सवयीनं थांबली आणि कोपऱ्याकडं वळली, मग लक्षात येऊन एकेकानं नजर चहाच्या कपात घातली. मला वाटलं आता हकिगत अशीच अर्धी राहणार, इथून पुढं कायमची.

आतनं वहिनी आली. प्रवासाची साडी नेसलेली, हातात पिशवी. सोप्यातनं सरळ चालत आली आणि दादाच्या कॉटवर बसली. दादा गेल्यापासून त्या कॉटवर कोणी बसलं नव्हतं. कॉट वाजली. सगळ्यांनी ऐकली.

पिशवीचे बंद नीट करत, मान वर न करता ती म्हणाली, "दहा न्हाई, भावजी. सात आसंल. दारात मी हुते बसल्याली."

दोस्तानं मान हलवली. "व्हय. सात आसंल."

मग पुतण्याच्या गाडीचा हॉर्न वाजला. ती उठली, कॉट तिसऱ्या आवाजात वाजली. मी पिशवी उचलायला म्हणून वाकलो, आणि गालावर काहीतरी ओलं लागलं. चहा सांडला असेल म्हणून मी हातातल्या कपात बघितलं. कप भरलेला होता.