आमच्या ऑफिसातला हलवाई

आईवडिलांनी त्याचं नाव प्रशांत ठेवलं, ही त्यांची पहिली चूक. आमच्या अंधेरीच्या ऑफिसात प्रशांत परबला सगळे हलवाई म्हणत. मिठाईशी त्याचा संबंध दिवाळीच्या बॉक्सपुरताच, पण स्थिर उभी असलेली कुठलीही गोष्ट त्याला बघवत नसे. विक्रीचा साधा आलेख त्याच्या हाती दिला की संध्याकाळपर्यंत त्यातले खांब शर्यतीला लागत आणि कोपऱ्यातली तारीख रिक्षाच्या मीटरसारखी पळू लागे. "आकडे झोपलेले असतात रे," तो म्हणे, "त्यांना हलवून उठवायला लागतं."

हे सगळं तो जिच्या जोरावर करी, ती प्रोग्रामिंगची एक लायब्ररी होती. म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड. त्यात तारखा नि आकडे ओतायचे, चार ओळी आपल्या घालायच्या, की चित्र चालू लागतं. बोरिवलीला त्याची आई मात्र शेजारणींना सांगे की मुलगा लायब्ररीत कामाला आहे. वर पुन्हा, "पण एक पुस्तक कधी घराक हाडूक नाय मेल्यान!"

एकदा वर्षभराच्या विक्रीचं चित्र त्याने साहेबांपुढे लावलं. एप्रिल झाला, मग ऑगस्ट आला, मग डिसेंबर, मग फेब्रुवारी. महिने इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागले होते. मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. तो कुजबुजला, "गप रव. आर्थिक वर्ष एप्रिललाच सुरू होतं ना?" साहेबही समाधानाने मान डोलावत होते. जुलैनंतर जून आला तरी कोणाच्या कपाळाला आठी नाही. आलेख पारखायची साहेबांची एकच कसोटी होती, तो हलतो का. अशा दरबारात हलवायाला मान होता, त्यात नवल ते काय!

ऑफिसच्या मागच्या खोलीत अ‍ॅग्नेस आंटीचं कँटीन होतं. आंटी मरोळच्या जुन्या गावठाणातली, आणि हलवाई तिचा भलताच लाडका. बांगडा असला की मधला तुकडा त्याच्यासाठी बाजूला निघे. "खा रे राजा, त्या कॉम्प्युटरने पोट भरत नाय," असं म्हणत ती वर रस्साही वाढी. साहेब लोकांचं जेवण मोबाईलवरून मागवलेलं असल्यामुळे त्यांना या खोलीत फक्त एक होऊ घातलेली मीटिंग रूम दिसत होती. कँटीन चालत नाही, एवढं कागदावर दिसलं की झालं. त्यांनी हलवायाला सांगितलं, आठवड्याला किती थाळ्या जातात ते दाखव.

हलवाई खुलला. खांबांऐवजी त्याने चक्क थाळ्यांची चळत काढली. थाळ्या एकावर एक चढत, डुलत. शेवटच्या आठवड्यांत मात्र चळत धाडकन कोसळे आणि एकच थाळी जमिनीवर गरगर फिरून आडवी होई. ते गरगरणं जमवण्यात त्याने अख्खा शनिवार घालवला. साहेबांनी पुन्हा पुन्हा पाहिलं, हसले, टाळ्या वाजवल्या आणि आंटीला नोटीस दिली.

मग आमच्या कलावंताच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या शेवटच्या आठवड्यांत गिऱ्हाईक आटलंच नव्हतं. ऑफिसनेच गॅसची लाईन बदलायला काढली होती आणि कँटीन बंद ठेवलं होतं. आकड्यांच्या जागा रिकाम्या होत्या, त्या याने शून्याने भरल्या. बरं, तेव्हा हा स्वतः खाली गाडीवर वडापाव खाऊन अ‍ॅसिडिटीने कण्हत होता. तरी आपण काय खातोय आणि काय काढतोय, याचा मेळ त्याला लागला नाही. मला त्याचा संताप आला होता.

त्याने ते बंदचे आठवडे वगळून आलेख नव्याने केला आणि मला ओढतच साहेबांच्या केबिनमध्ये नेलं. थाळ्यांची चळत सुरुवातीला होती तेवढीच शेवटपर्यंत राहिली. साहेबांनी जरा वाट पाहिली.

"परब, हे हलत नाही."

"साहेब, बाईच्या थाळ्या रोज तेवढ्याच जात होत्या. हलणार काय?"

"मग यात बघायचं काय?" असं म्हणून साहेबांनी फोन उचलला.

कँटीन गेलं. पाठोपाठ हलवायाने राजीनामा दिला. साहेबांना वाटलं, पवईच्या एखाद्या कंपनीने जास्त पगाराचं आमिष दाखवलं असणार. शेवटच्या दिवशी तो मला म्हणाला, "चल, आंटीकडे जाऊ. एकदा सगळं सांगून टाकतो. घास उतरत नाय रे घशाखाली." तोवर माझा राग गेला होता. या वेड्याशिवाय ऑफिसातले दिवस कसे कंठायचे, हीच चिंता लागली होती.

मरोळला आंटीने आम्हाला आधी बसवून जेवू घातलं. मग हलवायाने लॅपटॉप उघडला. "आंटी, आधी हे बघ. मग मी बोलतो." त्याने तो पहिलाच आलेख लावला, कोसळणारा. आंटीने चष्मा चढवला. थाळ्या चढल्या, डुलल्या, कोसळल्या. शेवटची थाळी गरगरून आडवी झाली. हलवाई बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात आंटीने त्याचा हात धरला.

"माझ्या थाळ्या! अगो बाई, किती छान केलंस रे! एवढं कौतुक माझ्या कँटीनचं कोणी नाय केलं. परत लाव ना, राजा."

हलवायाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने परत लावलं.