फोन आधी कोणी ठेवायचा?

देवाने चौकसपणा वाटायला काढला तेव्हा आमचे मावसाजी आंधळगावातून पोतं घेऊन गेले असावेत. बाकीच्या भंडारा जिल्ह्याला मग मूठमूठ वाटून घ्यावं लागलं. मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. धंदा कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाचा. पूर्वी स्वतः मागावर बसायचे, आता विणकरांकडून विणून घेतात आणि विकतात. पण समोर आलेलं कापड चिमटीत धरून पाहिल्याशिवाय त्यांना आजही अन्न गोड लागत नाही. माझ्या लग्नात ते सासऱ्यांची गळाभेट घ्यायला म्हणून पुढे झाले आणि त्यांच्या उपरण्याचा काठ हातात धरून उभेच राहिले. "ताणा कायचा हाये जी?" म्हणजे कापडातला उभा धागा कशाचा. सासऱ्यांना वाटलं, मानपानात काहीतरी खोट निघाली.

अशा माणसाची एकुलती एक लेक कॅनडात राहते. जावयाची बदली दुसऱ्या शहरात झाली, तो महिन्यातून एकदा घरी येणार, आणि लेक नोकरी सांभाळून लहान पोरीला एकटीच वाढवणार. तेव्हा ती म्हणाली, आई, तू ये. मावशीला भंडाऱ्यापर्यंतची एसटीसुद्धा लागते. हातात लिंबू आणि मांडीवर पिशवी घेतल्याशिवाय ती बसमध्ये पाय ठेवत नाही. विमान म्हटल्याबरोबर ती खाटेवर जाऊन निजली. म्हणून मावसाजी गेले. गेले म्हणजे काय, धावले!

तिकडे पोचल्यावर त्यांनी पहिल्याच फोनवर आम्हाला बर्फ दाखवला नाही, कचऱ्याचे डबे दाखवले. "पाह्य गा, इथं कचऱ्यातही जाती हायेत! कागद येगळा, काच येगळी, आन एकाचं दुसऱ्याच्या घरी जमत नाही." मग नळ दाखवला, नळाखाली वाकून त्याची नळी दाखवली, शेजाऱ्याचं कुत्रं आणि त्या कुत्र्याचा स्वेटर दाखवला. स्वेटर उलटा करून शिवण पाहिली होती, तीही सांगितली. बसमध्ये शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या साहेबाच्या कोटाची बाही त्यांनी अशीच चिमटीत धरली. लेक शरमेने अर्धी झाली. पण तो साहेबही कोण्या जन्मीचा आंधळगावचाच असावा. त्याने कोट काढून आतलं अस्तर दाखवलं आणि दोघंही आपापल्या भाषेत बोलत आपला थांबा सोडून पुढे गेले.

संपर्काचं एकही साधन त्यांनी वाया जाऊ दिलं नाही. जाण्याआधी मी त्यांना ईमेल शिकवला होता. ते सगळा मजकूर विषयाच्या ओळीतच लिहीत, खालची जागा कोरी. का, तर "वरच वाचून झालं त उघडाची मेहनत कायले?" शिवाय फोनवरचं काही हातात येत नाही म्हणून ते टपालाने चित्रकार्डंही पाठवत. पाकिटाशिवायचं उघडं कार्ड. मावशीच्या हाती पडेपर्यंत निम्म्या गावाने ते वाचलेलं असायचं. एका कार्डावर मोठा धबधबा होता आणि मागे एवढंच लिहिलं होतं, 'मागच्या भिंतीची ओल गेली का?' कार्ड यायला इतके दिवस लागले की भिंत वाळून तिला रंगही देऊन झाला होता. पण मावशीला वाटेत भेटेल तो सांगायचा, "गेली म्हना ओल, कळवून द्या."

खरी पंचाईत फोनची. फोन दर रविवारी, आपल्याकडे दिवेलागणीला, तिकडे सकाळी. "तुमचा रविवार कसा निंगाला गा? आमचा सुरू व्हायचा हाये," असं ते विचारत, जणू आम्ही पुढे जाऊन रस्ता पाहून आलो आहोत. पण एकदा लागलेला फोन संपत नसे. आमच्याकडे पाहुणा निघाला की घरच्याने त्याला फाटकापर्यंत पोचवायचं आणि तो वळणाआड होईपर्यंत दार लावायचं नाही. पाहुण्याने तर दुसऱ्याचं दार ओढून घ्यायचंच नाही. मावसाजींनी ही रीत जशीच्या तशी व्हिडिओ कॉलला लावली. फोन करणारा पाहुणा, उचलणारा घरचा. ते ठेवणार नाहीत आणि आम्हालाही ठेवू देणार नाहीत. "दिसून राहिलेल्या मानसाच्या तोंडावर दार लावतेत का?" आणि फोनमधला माणूस काही वळणाआड जात नाही! मग आमचा फोन मिठाच्या बरणीला टेकलेला, त्यांचा तिकडे कशाला तरी टेकलेला, आणि दोन्ही स्वयंपाकघरं एकमेकांकडे पाहत आपापली कामं करत. बॅटरी संपली की सगळ्यांची सुटका.

या फोनसाठी मला माझ्या मोहाडीहून मुद्दाम आंधळगावला यावं लागे. मावशीला हिरवं बटण दाबता येत होतं, पण मावसाजींशी बोलता येत नव्हतं. भांडण नव्हे हो! लग्न झालं तेव्हा घर माणसांनी भरलेलं, आणि भरल्या घरात नवराबायकोने थेट बोलायचं नाही अशी पद्धत. पुढे माणसं कमी होत गेली, पद्धत राहिली. घरात कोणीच नसलं तर मावशी मांजरीला सांगायची, "त्यांले म्हन, पानी तापलं." दर रविवारी ती मांजर मी होतो.

थंडी जवळ आली तशी लेक म्हणू लागली, बाबांच्या व्हिसाची मुदत वाढवून घेते, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहू दे. मावसाजी 'पाहू' म्हणाले. 'नाही' म्हणाले नाहीत. मावशी माझ्या कानाशी आली. "त्यांले इचार, धान कापाच्या आंधी येतीन का?" मी विचारलं. यावर मावसाजींनी बर्फ ढकलणाऱ्या यंत्राची इतकी सविस्तर माहिती दिली की ते यंत्र मला बांधता आलं असतं. मावशी उठून आत गेली ती बाहेर आलीच नाही. माणूस तिकडेच रमला, असं तिने मनाशी धरलं होतं. आणि खरं सांगायचं तर मीही धरलं होतं. पाहण्यासारखं इतकं काही सापडल्यावर हा माणूस ओल्या भिंतीकडे कशाला परत येतो?

त्याच्या पुढच्या रविवारी मोहाडीतच माझी गाडी पंक्चर झाली. मी पोचलो तेव्हा फोन कधीच लागलेला होता. ओसरीतूनच दिसलं, मावशी सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत होती, बरणीला टेकून मावसाजी तिच्याकडे पाहत होते, आणि घरात मांजरही नव्हती. मग सुपावरची मान वर न करता मावशी म्हणाली,

"तुम्ही येता का मी येऊ?"

भंडाऱ्याला जायला जिला लिंबू लागतं ती बाई हे बोलली! मला वाटलं, रेंज गेली. जगातल्या प्रत्येक वस्तूवर प्रश्न काढणाऱ्या मावसाजींना या एका प्रश्नाने असं गाठलं होतं. मग ते म्हणाले, "तू नोको येऊ. तुले तरास होईन. मीच येतो." मी चप्पल हातात घेतली आणि गुपचूप बाहेर येऊन ओट्यावर बसलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कोणाला दाखवायचं नव्हतं.

धान उभं होतं तोवर मावसाजी घरी आले. महिनाभर गाव त्यांच्याकडून कचऱ्याच्या जाती ऐकायला येत होतं. मावशी त्यांच्याशी आता थेट बोलते, आणि इतकं बोलते की मला त्या घरात शब्द टाकायला जागा मिळत नाही. सगळं छान झालं, असं मी धरून चाललो होतो.

परवा आम्ही दोघं तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, फिरत होतो. मी थट्टेने विचारलं, "मावसाजी, अख्खा कॅनडा विचारून आलात. काही राहिलं का विचारायचं?"

ते थांबले. पाण्याकडे पाहत म्हणाले, "एक राह्यलं."

"कोणतं?"

"आपल्या लेकीले तिथं करमते का, एवढं इचारलं नाही."

"काहून जी?" माझ्याही तोंडून घरचीच बोली निघाली.

"नाही म्हनली असती, त मंग मी निंगालो नसतो गा."

पाळीवर वारा होता. त्यांनी उपरणं गळ्याभोवती घट्ट ओढून घेतलं आणि चालू लागले. मी त्यांच्या मागून चालत राहिलो.