रवंथबाईचा निळा झगा

माझी धाकटी जाऊ बारीक व्हायला लागली तेव्हा पहिले दोन आठवडे मी तिला हसले. तिसऱ्या आठवड्यापासून माझ्या पोटात दुखायला लागलं.

आम्ही दोघी शिवणकाम करतो. घराच्या पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीखाली दोन पायमशिनी शेजारी शेजारी आहेत. नवे कपडे हल्ली कोण शिवून घेतं? येतं ते सगळं दुरुस्तीचं. पँट आखूड करा, बाही मोकळी करा, चेन बदला, गणवेशाची उसवलेली बगल सांधा. गिऱ्हाईक उभं राहतं तिथे एक उंच आरसा आहे, आणि त्या आरशात आम्ही दोघी एकदम कधी मावलो नाही. हा विनोद माझाच. ती लग्न होऊन आली तेव्हा काडी होती. दोन बाळंतपणांत आणि माझ्या हातच्या जेवणात अशी भरली, की गेली काही वर्षं टेप दोघींच्या कमरेभोवती एकाच आकड्यावर येऊन थांबायची. एकीचा कपडा वाळला नाही तर दुसरीनं खुशाल आपला द्यावा.

दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की आमचं खरं जेवण सुरू व्हायचं. ओट्याशी उभ्या राहून आम्ही पातेली साफ करायचो. भाताची खरवड, भाजीचा तळ, उरलेला पाव मोडून रश्शात फिरवायचा आणि तोंडात टाकता टाकता गिऱ्हाइकांच्या नकला करायच्या. ती हसली की तिला ठसका लागायचा, मग मी तिची पाठ थोपटायची. घरात मला स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

मग तिचा उजवा गुडघा सुजला. दवाखान्यात सोबत मीच गेले.

"वजन उतरवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तीन महिन्यांनी बघते. नाही उतरलं तर पायमशीन बंद. नाहीतर गुडघा कायमचा जाईल."

जावेचं तोंड एवढंसं झालं. तिला येतं ते शिवण, त्यावर तिच्या मुलांची शाळा चालते. आणि मशीनला मोटर बसवायची ऐपत असती तर त्या दवाखान्यात सकाळपासून बाकावर कशाला बसलो असतो?

"बाई, फळं, बदाम, पावडरी, असलं काही जमायचं नाही आम्हाला," ती म्हणाली.

"आणूच नको. घरात शिजतं तेच खा. पण बसून खा. ताट एकदाच वाढून घे. एक घास तीस वेळा चाव, चमचा खाली ठेव, मग पुढचा घे. आणि मध्ये मध्ये पोटाला विचार, अजून हवंय का."

"पोट उत्तर देतं वाटतं?" मी म्हटलं.

"तुम्हीही विचारून बघा की," डॉक्टरीणबाई मला वरून खाली न्याहाळत म्हणाल्या. माझं बिनसलं ते तिथूनच.

घरी वजनकाटा नाही, हे ऐकून त्या म्हणाल्या, बरंच झालं. एखादा घट्ट होणारा जुना कपडा ठेव आणि आठवड्यातून एकदा घालून बघ. जावेनं ट्रंकेच्या तळातून लग्नाआधीचा निळा झगा काढला. तिनं स्वतः शिवलेला, कमरेला पुढून बटणांची पट्टी. पहिल्या रविवारी कमरेचं बटण आणि त्याचं काज यांच्यात वीतभर अंतर होतं. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

तिनं मात्र मनावर घेतलं. खिडकीपाशी स्टूल ओढायची, मांडीवर ताट घ्यायची आणि चावत बसायची. रस्त्याकडे बघत, एकेक घास, हातशिलाईचे टाके घालावेत तसा. मी तिचं नाव रवंथबाई ठेवलं. मुलं, दीर, सगळे तिला तेच म्हणायला लागले. तिला त्याचं काहीच नाही. बाजार उठायच्या वेळी जाऊन ती ढिगातला कोबी, मोडकी गाजरं स्वस्तात उचलून आणायची आणि मला म्हणायची, "जाऊबाई, भाजी दुप्पट करा आणि भात निम्मा." स्वयंपाक माझ्याकडे. मी नाक मुरडत करायची. चहाबरोबरची बिस्किटं तिनं सोडली, ती मी संपवायला लागले. वाया कशाला घालवायची?

आणि दुपारी ओट्याशी मी एकटी. तिचं ताट झालेलं असायचं, नाहीतर खिडकीपाशी चाललेलं. "ये ना," म्हटलं तर पोटावर हात ठेवून म्हणायची, "नको म्हणतंय." खरवड मी एकटीनं खाल्ली. दुप्पट खाल्ली. तिला हसू येईल अशी नक्कल केली तरी ती पुढच्या खोलीतून नुसतं "हं" म्हणायची, कारण तोंडात घास. त्या तिच्या "हं"ची मला इतकी चीड यायची की सांगता सोय नाही.

झग्याचं अंतर वीतभराचं चार बोटं झालं, मग तीन. सासूबाई म्हणाल्या, "धाकटीचा चेहरा कसा निघालाय बघ." माझ्या चेहऱ्याबद्दल त्या गेल्या वीस वर्षांत काही बोललेल्या नाहीत. दीर घरात शीळ घालत फिरायला लागले. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण वरून मी हसत होते. मग एक बाई नवं गिऱ्हाईक म्हणून आली. पडदे आखूड करायला दिले, आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि मला म्हणाली, "तुमच्या मुलीचा हात फार सफाईदार आहे हो."

मुलगी! आमच्यात चार वर्षांचं अंतर आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आठवड्याच्या कपड्यांना इस्त्री मी करते. निळा झगा हातात आला. बाकी सगळे बाहेर होते. मी तो उलटा केला, मशिनीवर घेतला आणि दोन्ही बाजूंच्या शिवणी एकेक सूत आत घेतल्या. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, पण कापड दुहेरी, म्हणून दोन्हींचं मिळून कमरेत अर्धा इंच. इस्त्री फिरवली, पुन्हा सुलटा करून खुंटीला अडकवला. मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय? जरा पाय जमिनीवर येतील तिचे.

तिनं झगा घातला, आरशासमोर उभी राहिली. "जाऊबाई, तीनच बोटं आहेत हो अजून."

"असू दे ग," मी म्हटलं. "तुझा बांधाच तसा." इतक्या मायेनं म्हटलं की मलाच स्वतःचं कौतुक वाटलं.

पुढच्या रविवारी पुन्हा सूतभर. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. ती उतरायची, मी आवळायची, आणि बटण काजापासून तीन बोटांवर जागचं हलायचं नाही. दुकानातल्या आरशात ती रोज दिसत होती, गालफडं बसलेली दिसत होती, पण तिचा विश्वास झग्यावर. शिवणारी बाई कपड्यावर विश्वास ठेवते, अंगावर ठेवत नाही. गिऱ्हाइकाला आम्हीच तर सांगतो, कपडा बरोबर आहे, तुम्हीच वाढलात.

मग तिनं भात बंद केला. मग सकाळचं खाणं. पोटाला काही विचारणंच तिनं सोडून दिलं, नुसती भाजी खायची आणि मधल्या वेळी गाजर चघळत बसायची. रात्री डोकं दुखतंय म्हणायची. मला दिसत होतं. कुणाला फसवतेय मी? सगळं दिसत होतं, आणि पाचव्या रविवारीही मी झगा उलटा केला.

त्याच आठवड्यात एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला ती जाड कापडाची पिशवी शिवत होती. तिचं मशीन चालता चालता एकदम अडखळलं. मी मान वळवली तर ती पांढरीफटक, डोळे मिटलेले, पाय अजून मशिनीच्या पॅडलवर, आणि डाव्या हाताचं बोट सुईखाली. नखातून आरपार.

मी ओरडले की नाही ते आठवत नाही. एका हातानं तिला पाठीशी धरलं आणि दुसऱ्या हातानं चाक उलटं फिरवलं, हळू, सुई वर येईपर्यंत. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. तिचं वजन किती कमी झालंय ते मला त्या वेळी कळलं. माझ्याइतकं दुसरं कुणाला कळणार होतं?

दवाखान्यात बोट बांधलं. तीन महिने भरायला चार दिवस बाकी होते, तरी डॉक्टरीणबाईंनी तिला तिथेच काट्यावर उभं केलं.

"अकरा किलो!" त्या म्हणाल्या. "गुडघ्याची सूजही गेली. मशीन चालवायला हरकत नाही. पण हे काय करून ठेवलंस? हळू खा सांगितलं होतं, उपाशी राहा नव्हतं सांगितलं. चक्कर येईल नाहीतर काय?"

"झगा होत नव्हता," जाऊ म्हणाली.

"काट्यावर मी आत्ता बघतेय ना? मग झग्यातच काहीतरी खोट असेल."

घरात शिरल्या शिरल्या तिनं खुंटीवरचा झगा काढला आणि बांधलेल्या बोटानं, दातांची मदत घेत, उलटा केला.

बगलेखाली पाच शिवणी होत्या, एकीच्या आत एक, समांतर, सूतसूतभर अंतरावर. माझ्याइतकी सरळ शिवण या गल्लीत कुणाची नाही. आणि प्रत्येकीच्या टोकाला तीन उलटे टाके. बाकीचे दोन मारतात. मी तीन मारते, उसवू नये म्हणून. तिनं ते तीन टाके अंगठ्यानं चाचपले, एकेका शिवणीचे, पाचही. माझी सही वाचावी तसे.

"माझं बोट गेलं असतं, जाऊबाई," ती म्हणाली. "मशीन सुटलं असतं माझं."

"जळले मी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? "तू बारीक झालीस, लोक तुझ्याकडे बघायला लागले, आणि मी ओट्याशी एकटी पडले. मला बघवलं नाही."

ती रडली. रागानं रडली, झग्यात तोंड खुपसून. मी उभीच. थोड्या वेळानं नाक पुसून ती पुन्हा शिवणीकडे बघायला लागली.

"माया नाही कापलीत," ती म्हणाली.

शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात त्याला आम्ही माया म्हणतो. पुढे माणूस भरलं तर कपडा मोकळा करता यावा म्हणून. ती कापून टाकली असती तर झगा कायमचा गेला असता, आणि पाच शिवणींची खूणही राहिली नसती. मला ते सुचलंच नव्हतं.

"हाताची सवय," मी खरं तेच सांगितलं. "त्यात माझा काही चांगुलपणा नाही."

"माहितेय," ती म्हणाली. तिनं उसवणी घेतली आणि एकेक शिवण काढायला बसली. पाचवी निघाल्यावर झगा अंगात घातला. कमरेचं बटण काजात गेलं आणि वर बोटभर ढिलाई राहिली. तिनं आरशात स्वतःकडे फार वेळ बघितलं. माझ्या पोटात पुन्हा दुखलं, खोटं कशाला बोलू?

"बसा आता," ती म्हणाली. "ताट वाढते दोघींना. मला भूक लागलीय."

मी बसले. स्वयंपाकघरात बसून जेवले त्याला किती वर्षं झाली देवाला ठाऊक. सासूबाईंचंही ताट तिनं घेतलं. भात, वर कोबीचा रस्सा, सकाळी मीच करून ठेवलेला. मी चमचा तोंडात घातला, खाली ठेवला आणि चावायला लागले. दहापर्यंत नुसती भूक कळली. पंधरापर्यंत कोबी. विसाच्या पुढे माझा चेहरा बदलला असावा.

"आज मीठ जास्त पडलंय," मी म्हटलं.

"आज?" सासूबाई म्हणाल्या.

मी जावेकडे बघितलं. ती ताटाकडे बघत होती. उभ्यानं, पातेल्यातून, घाईघाईनं गिळत आले मी जन्मभर. माझ्या हातची चव मला कधी लागलीच नव्हती. मीठ इतकं, की जीभ आकसावी. बाकीचे निदान पाण्याबरोबर ढकलत असतील. ही बाई तीन महिने हा घास तोंडात धरून तीस वेळा चावत होती. मिठाची गुळणी धरून बसणं म्हणतात, ते माझ्यासमोर स्टूल ओढून, खिडकीपाशी, रोज चाललं होतं आणि मी तिला रवंथबाई म्हणत होते.

"बोलली का नाहीस?"

"रुसला असतात," ती म्हणाली. "आणि मग ओट्याशी हाक मारली नसतीत."

तिनं पुढचा घास घेतला, चमचा खाली ठेवला. मी मोजत बसले. तीस झाले, तोंड जरासुद्धा वाकडं झालं नाही. मला तिचा हेवा वाटला, आजवर कधी वाटला नव्हता इतका.