गाडीचा काही दोष नाही

"गाडी सुंदर आहे हो तुमची," एवढंच मी म्हणाले. नवीन शेजारीण म्हणून ओळख काढायची, दुसरं काय! फाटकापलीकडे एक उंच, पोक आलेला म्हातारा बनियनवर उभा राहून एका बुटक्या, बिनछपराच्या लाल मोटारीचं बॉनेट पुसत होता. त्यानं फडकं थांबवलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "गाडीचा काही दोष नाही, मॅडम. चूक माही झाली."

कसली चूक, कधी झाली, मला काय ठाऊक! मी हातात किल्ल्या घेऊन तशीच उभी. जन्मभर शाळेत भूगोल शिकवून कान किटलेले, म्हणून निवृत्तीनंतर नागपूरच्या या कडेच्या वस्तीत घर घेतलं, की जरा शांतता मिळेल. आणि शेजारी निघाला हा नमुना. "बरं बरं," म्हणून मी घरात सटकले.

उरलेलं गल्लीनं पुरवलं. विचारावंही लागलं नाही. ढोबळेकाका कोराडीच्या वीज केंद्रातले निवृत्त इंजिनियर. ऐन उमेदीत त्यांनी हौसेनं ही जुनी विलायती स्पोर्ट्स कार घेतली. एका संध्याकाळी बायकोला घेऊन उमरेडहून परत येत असताना वळणावर गाडी उलटली. काका हातपाय मोडून वाचले, शालिनीकाकू जागीच गेल्या. मुलगी स्वाती तेव्हा नऊ वर्षांची. गाडीत जागाच दोघांपुरती, म्हणून ती घरी आजीजवळ राहिलेली. "गाडीच अवलक्षणी आहे ना ताई," समोरच्या घरातली बाई मला म्हणाली, "साऱ्या जगात बदनाम आहे म्हणे. अन् हा माणूस तिले दुरुस्त करून दारात ठेवते! काय म्हणावं सांगा." बायको जिच्यात गेली ती गाडी रोज पुसायची, हे माझ्या डोक्याच्या बाहेरचं होतं.

गाडीचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. नाव काढलं की जाणकार लगेच मान हलवतात, "ती होय? वळणावर दगा देणारी?" काकांना त्या मान हलवण्याचा भयंकर राग. एकदा मीच चुकून तसं बोलले तर त्यांनी मला त्यांच्या ओट्यावर बसवलं आणि दोन्ही पंजे पसरून गाडीची मागची चाकं करून दाखवली. "हे पाह्य, माधवी. मागची चाकं आपापल्या दांडीवर झुलतात. वळणात अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय स्थिर ठेवला तर भार मागं राहते, चाक जमीन धरून राहते. अन् तू घाबरून पाय उचलला, त मागचं बूड वर येते, चाक आत मुडपते, अन् गाडी जाते. मंग लोक म्हणते गाडी खराब. अरे, वेग वळणाच्या आधी कमी करायचा असते! ते नाही केलं, मधातच घाबरले, अन् बट्टा कोणाले? तिले!"

"पण काका, माणूस घाबरणारच ना," मी म्हटलं.

"हाव. माणूस घाबरन. पण घाबरला माणूस, असं सांगा ना मंग. गाडीच्या नावानं काहून बोंबलता?"

गाडीची वकिली हा त्यांचा चोवीस तासांचा धंदा. हवा भरायला ते गाडी कोपऱ्यावर नेत, मी मागून पायी जाई; तिथं पंक्चरवाल्याशी ठरलेलं भांडण. या गाडीला पुढच्या चाकांत कमी आणि मागच्यांत जास्त हवा लागते; पंक्चरवाल्याचा हात चारही चाकांत सारखीच हवा भरणारा. "काकाजी, चारों में बराबर रहने दो ना, अच्छा दिखता है," तो म्हणायचा. "चांगली दिसाले भरून राहिला काय तू हवा?" काका कडाडायचे, आणि मग मोजमापाचं यंत्र स्वतः हातात घ्यायचे. परत आल्यावर एकदा मला म्हणाले, "अर्ध्या लोकांच्या गाड्या या सारख्या हवेनं उलटल्या असतीन. बदनामी अशी होते." मी पटकन म्हटलं, "मग त्या दिवशी तुमच्याही गाडीत...?" मला वाटलं, माणसाला जरा आधार सापडेल. काकांनी मान हलवली. "नाही वं. हवा बरोबर होती. मीच भरली होती. मले तोही बहाणा नाही."

असा हा माणूस! जगानं त्यांना अगदी मनापासून सुटका देऊ केली होती. पोलिसांपासून पाहुण्यांपर्यंत सगळे म्हणाले, तुमचा काही इलाज नव्हता, गाडीच तशी. शालिनीकाकूंचे भाऊ वसंतराव तर देवमाणूस. सख्खी बहीण गेली, पण मेहुण्याला एका शब्दानं बोल लावला नाही. स्वातीला पुण्याला नेलं, पोटच्या पोरीसारखी वाढवली आणि तिला सांगितलं, "बाबांची काही चूक नाही बाळा, ती गाडीच वाईट होती." नऊ वर्षांच्या पोरीनं ते घट्ट धरलं. धरणार नाही तर काय करेल? आई गेली, निदान बाप तरी शाबूत राहावा.

आणि बापाला नेमकं तेच चालत नव्हतं. सुट्टीत पोर घरी आली की हा तिला समोर बसवून सांगणार, "मामा म्हणते ते खरं नाही. समोरून कोळशाचा ट्रक आला, मी घाबरलो, मी पाय उचलला." पोर कानांवर हात ठेवायची. लग्नाच्या स्वागत-समारंभात सासरच्या कुणी पाहुण्यानं हळहळत विषय काढला, "फार वाईट हो ती गाडी, आम्ही वाचलंय," तर फेटा बांधलेला वधूपिता भर मांडवात म्हणाला, "गाडीचा काही दोष नाही. चूक माही झाली." त्यानंतर स्वातीनं माहेरी येणं बंद केलं. फोन तेवढा उरला, रविवारचा. "बरी आहेस?" "हं." "पोरं बरी?" "हं." तेवढं झालं की काका बंद फोनकडे बघत बसायचे.

एकदा मला राहवलं नाही. "काका, एक शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं? म्हणायचं, गाडीच तशी. पोर घरी आली असती."

काकांनी फडकं घडी करून बॉनेटवर ठेवलं. मग म्हणाले, "तशी ती येईन वं. पण ज्या बापाले भेटाले येईन, तो मी नाही ना. मले वाटते, तिनं मले पुरतं ओळखावं, अन् मंग यावं." मला तेव्हा त्यांचा राग आला आणि रडूही आलं. कशाला हवा इतका खरेपणा? कोण बक्षीस देणार होतं?

दर रविवारी पहाटे ते गाडी काढायचे. शेजारची सीट रिकामी. तिथं कुणी बसायचं नाही, पिशवीसुद्धा ठेवायची नाही. उन्हाळ्यात नागपूर तापायच्या आत उमरेड रस्त्याला जायचं, नव्या महामार्गावरून नाही, बाजूला टाकून दिलेल्या जुन्या रस्त्यावरून. आता तिथं बाभळी आणि शेळ्या, बाकी कुणी नाही. ते वळण नीट पार करायचं आणि परत यायचं. एवढंच. पुढं त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, चालवायची बंदी आली, तेव्हा मला बोलावणं आलं. "तुले येते ना गाडी? मंग चालव. उभी राहिली तर बॅटरी उतरन." मी स्टिअरिंगशी बसले आणि काका पहिल्यांदाच शालिनीकाकूंच्या जागी बसले. वळणाच्या आधी म्हणाले, "आता वेग कमी कर. आता पाय हलवू नको. हलवू नको म्हणतो ना!" गाडी रस्त्याला चिकटून, मुकाट्यानं वळली. मी खूश होऊन पाहिलं तर काका समोर टक लावून बसलेले. "या जागेवरून रस्ता आधी दिसते," ते म्हणाले. "तिले ट्रक माह्या आधी दिसला असन. काही बोलली नाही. माह्यावर भरवसा होता ना तिचा." मी गाडी बाजूला घेतली. पाण्याची बाटली पुढं केली, दुसरं काय करणार?

गेल्या पावसाळ्यात त्यांचं हृदय थकलं. दवाखान्यात दाखल केलं आणि मी स्वातीला फोन लावला. ती त्याच रात्रीच्या विमानानं आली. चाळिशी ओलांडलेली, बापासारखीच उंच बाई. खाटेशी बसली, त्यांचे पातळ केस सारखे केले, आणि एकदम लहान मुलीसारखी रडायला लागली. "बाबा, ती गाडीच वाईट होती हो. तुम्ही का स्वतःला छळलंत इतकं? गाडीच तशी होती ना? एकदा तरी म्हणा ना."

मी मनात म्हटलं, आता हा म्हातारा नेहमीचं वाक्य बोलणार आणि ही उठून जाणार. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"हाव," ते म्हणाले. "गाडीच तशी होती."

स्वातीनं त्यांच्या छातीवर डोकं ठेवलं. मी खिडकीकडे वळले, कारण माझा चेहरा तिला दिसू नये असं मला वाटत होतं. एवढी वर्षं एकट्यानं जे धरून ठेवलं, ते त्या माणसानं पोरीच्या हातात सोडून दिलं होतं. पुढचे चार दिवस बापलेक खूप बोलली. तिनं त्यांना चमच्यानं पेज भरवली, पोरांचे फोटो दाखवले. नर्स म्हणायची, काकाजी किती खूश आहेत. मला मात्र ते फार एकटे दिसायचे. पाचव्या दिवशी पहाटे ते गेले.

तेरवीच्या आदल्या दिवशी स्वाती माझ्याकडे आली. गाडी भंगारात द्यायची म्हणाली, तिला बघवत नव्हती. मी म्हटलं, "दे, तुझी आहे. पण दोन आठवडे उभी आहे, सुरू तरी होते का पाहू." इंजिन लागलं. ती फाटकाशी उभी राहून ऐकत होती. मग दार उघडून शेजारच्या सीटवर येऊन बसली. "मावशी, मला ते वळण दाखवा."

मी दाखवलं. जुन्या रस्त्यावर पाणी साचलेलं, दोन्ही बाजूंना गवत कमरेएवढं. ती म्हणाली, "मी चालवते." मी काकांनी मला सांगितलं होतं तसंच सांगितलं, की वेग आधी कमी कर आणि वळणात पाय हलवू नको. तिनं ओठ घट्ट मिटून गाडी वळणात घातली. गाडी वळली. तिनं पुढं जाऊन गाडी फिरवली आणि पुन्हा वळण घेतलं, जरा जोरात. गाडीनं रस्ता सोडला नाही. तिसऱ्यांदा तर मीच दार धरून बसले, पण ती लाल गाडी शहाण्या पोरीसारखी वळली. स्वातीनं गाडी कडेला थांबवली. हात स्टिअरिंगवर तसेच.

"दवाखान्यात ते खोटं बोलले ना?"

मी हो म्हटलं. आता लपवून कुणाला काय मिळणार होतं?

"मला कळायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "बाबांनी जन्मात माझं एक वाक्य मान्य केलं नाही. तेवढं एकच केलं." मग ती रडली नाही. नुसती बसून राहिली, शेळ्या रस्ता ओलांडून जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. पुण्याहून वसंतराव आले होते, काठी टेकत. पानावर बसल्यावर त्यांचं लक्ष फाटकाशी उभ्या गाडीकडे गेलं. त्यांनी सुस्कारा सोडला. "दोन्ही जीव हिनंच खाल्ले. पोरी, आता तरी काढ ही अवदसा दारातून." चार पाहुण्यांनी माना हलवल्या. अगदी प्रेमानं हलवल्या.

स्वाती वरणाचं पातेलं घेऊन वाढत होती. ती वसंतरावांच्या पानापुढे थांबली. "मामा, गाडीचा काही दोष नाही," ती म्हणाली. आवाज मुळीच चढला नव्हता, पण शेवटच्या पानापर्यंत गेला. "समोरून ट्रक आला, बाबा घाबरले आणि त्यांनी पाय उचलला. माझी आई माझ्या बाबांच्या चुकीनं गेली. ते मला लहानपणापासून सांगत होते."

वसंतरावांचा घास हातात राहिला. मी दाराशी उभी होते, आणि मला एवढंच कळत होतं, की हे वाक्य पोरीनं आपल्यासमोर म्हणावं आणि म्हणून झाल्यावर निघून जाऊ नये, यापलीकडे त्या माणसानं आयुष्याकडे काहीच मागितलं नव्हतं. ती निघून गेली नाही. मामांच्या भातावर तिनं वरण वाढलं, तूप वाढलं, आणि पुढच्या पानाकडे वळली. सगळी माणसं ऐकायला होती. ज्यांनी ऐकायला हवं होतं, ते तेवढे नव्हते.