सही करून निघून गेलेली माणसं

आमच्या गावाहून बोईसरला जाणारी सकाळी सातची बस बंद झाली तेव्हा मला काही वाटलं नाही. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून मला कशाचंच फारसं काही वाटत नसे. तारापूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला मी, मला सकाळी सातला जायचं तरी कुठे होतं? महिन्यातून एकदा रक्तदाबाच्या गोळ्या आणायला, आणि वर्षातून एकदा बँकेत हयातीचा दाखला द्यायला.

बस का बंद झाली ते डेपोत सरळच सांगितलं. पूर्ण तिकिटाचं माणूस तिच्यात बसतच नव्हतं. निम्मी कॉलेजची पोरं पासवर, निम्मे आम्ही म्हातारे सवलतीवर. कामावर जाणारे केव्हाच कंपनीच्या गाड्यांनी जायला लागले होते. ग्रामसभेचा ठराव आणा, मग बघू, असं साहेब म्हणाले.

शेजारची मुलगी बारावी सायन्सला होती. तिचं प्रॅक्टिकल आठला असायचं. दिवाळीपर्यंत बस आली नाही तर कॉलेज बंद आणि एमआयडीसीत पॅकिंगला जायचं, हे तिच्या वडिलांनी ठरवून टाकलं होतं. आमची भिंत एकच, त्यामुळे मला ते ऐकू आलं. मी रेडिओ मोठा केला.

ठरावाची गंमत अशी होती की पोरं अठराच्या आतली. मतदार यादीत नाव नाही, म्हणून ग्रामसभेत हात वर करता येत नाही. आमची नावं यादीत होती, पण आमच्यातला बोलणार कोण? जन्मभर सुपरवायझरसमोर मान डोलावलेली माणसं आम्ही, आणि सरपंच कुणाचा भाचा, कुणाचा पुतण्या. मग एका संध्याकाळी ती मुलगीच बसथांब्यावर आमच्या बाकापुढे येऊन उभी राहिली.

"आजोबा, तुमी काय बोलू नका. बोलायचं आमी. तुमी फक्त हात वर करा."

"हात जातो गं वर अजून," आमच्यातला एक म्हणाला, "खांदा दुखतो तेवडा."

सगळे हसले. मीही हसलो असेन. नंतर ती घरोघर फिरली आणि प्रत्येकाकडून शब्द घेतला. माझ्याकडूनही घेतला.

ग्रामसभा शाळेच्या पडवीत होती. आमच्या गावात ग्रामसभा म्हणजे रजिस्टरवर सही करायची, चहा घ्यायचा, पहिले दोन विषय ऐकायचे आणि जेवायला घरी जायचं. कोरम भरला की आपलं काम संपलं, अशीच सगळ्यांची समजूत. बसचा विषय पत्रिकेवर नव्हता, त्यामुळे तो ऐनवेळच्या विषयांत, म्हणजे सगळ्यात शेवटी आला. आधी पाण्याची टाकी झाली. मग गटारावरून दोन भावांची जुंपली, त्यात तास गेला.

एक वाजला. माझी गोळी जेवणानंतरची. माझ्या बाजूला बसलेला उठला, मग त्याच्या पलीकडचा उठला. ती खांबापाशी कागद घेऊन उभी होती, तिने माझ्याकडे बघितलं. बाकीचे आहेत की, असं मनात म्हणून मी चपला पायात सरकवल्या. बाकीच्यांनीही तेच म्हटलं असणार.

संध्याकाळी ती आली. मला वाटलं होतं भांडेल, पण तिचा आवाज अगदी साधा होता.

"ठराव नाय झाला. वहीत लिवलंय, हजर साठ, बाजूने सात."

"अगं, माझी गोळी होती..."

"तुमी आला नसता तरी चाललं असतं, आजोबा. सही करायला नको व्हती."

तेव्हाही मला काही वाटलं नाही. मी आमटी गरम केली आणि जेवलो.

जानेवारीच्या ग्रामसभेला मी डबा घेऊन गेलो. गोळी खिशात होती. आमच्यातले बरेचजण या वेळी डबे घेऊन आले होते, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. दुसरीच पोरं बोलली, चांगली बोलली. शेवटच्या विषयापर्यंत आम्ही बसलो आणि हात वर केले. ठराव झाला. पावसाळा संपता संपता बस सुरू झाली.

पहिल्या दिवशी मी बसने निघालो, दाखला द्यायला. नाक्यावर कंपनीच्या गाडीची वाट बघत पाच-सहा मुली उभ्या होत्या, त्यांत ती होती. हातात डबा, गळ्यात कंपनीचं कार्ड. कंडक्टरने दारातून हाक दिली, "चला, बोईसर!" तिने मान हलवून नाही म्हटलं. मग खिडकीत मी दिसलो.

"आजोबा, आली एकदाची," ती म्हणाली आणि हसली. हसण्यात टोमणा नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

माझ्या शेजारची सीट बोईसरपर्यंत रिकामी राहिली.

बँकेत बाईंनी फॉर्म पुढे सरकवला आणि बोटाने जागा दाखवली. "इथे सही करा, आजोबा." मी पेन घेतलं. मला खूप वाईट वाटत होतं, इतकं की हात पुढे जाईना. बाईंना वाटलं मला दिसत नाही. त्यांनी पुन्हा जागा दाखवली, या वेळी जरा मोठ्याने, आणि मागच्या रांगेतला माणूस म्हणाला, "बाबा, सही करा आणि निघा."